गुडघ्यांचा नेम

मागच्या वर्षी माघात आमच्या वावरात रोडग्यांचं जेवण होतं, आणि त्या दिवशी मी जमिनीवर बसले ती उठूच शकले नाही. सुरुवात तिथूनच करते, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका न उठण्यापायी घडलं.

ज्यांनी रोडगे खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगून ठेवते. जाड दळलेल्या कणकेला तेल लावून, घडीवर घडी घालून मोठे गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. बाहेर काढले की दिसायला धोंडेच. फडक्यात घेऊन राख झटकायची, दोन्ही हातांनी फोडायचे, आतून वाफ निघते, त्या वाफेवर तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. तूर घरात आली की आमची सगळी भाऊबंदकी वावरातल्या देवापाशी जमते आणि हा स्वयंपाक होतो. देव म्हणजे बाभळीखालचा शेंदूर लावलेला दगड, पण आमचा आहे.

यात एक रीत अशी की घरातली थोरली सून निखाऱ्यापाशी बसते. पहिला रोडगा तिनं घालायचा आणि शेवटचा निघेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. मधूनच उठलं तर रोडगे कच्चे राहतात, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. खरं कारण मला पुढे कळलं. दहा जणींनी निखाऱ्यात हात घातला की कोणता रोडगा कधी पुरला याचा पत्ता राहत नाही, म्हणून एकीनंच बसायचं. पण ती जागा काय जागा आहे म्हणता! वरणात मीठ किती, भाजी उतरवू का, पंगत कधी बसवायची, सगळे मला येऊन विचारतात. वर्षभर ज्यांना माझी आठवण येत नाही ते पुतणेसुद्धा "काकू, झाले का वं?" करत भोवती फिरतात. सासूबाईंनी ती जागा मला दिली तेव्हा माझे केस काळे होते. तेव्हापासून ती मी कोणाला दिली नाही.

तर मागच्या वर्षी शेवटचा रोडगा काढला, हात झटकले आणि उठायला गेले. उजवा गुडघा म्हणाला, नाही. डाव्याला विचारलं, तो उजव्याकडे बघायला लागला. शेवटी माझी सून आणि पुतणसून अशा दोघींनी काखेत हात घालून मला धान्याच्या पोत्यासारखी उचलली. सगळे हसले, मीही हसले. पण माझी धाकटी जाऊ आहे ना, समोरच्याच घरात राहते, जीव लावते आणि बोलतेही तशीच, ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी तुमी खुर्चीवर बसा आरामात. इस्तोपाशी मी बसतो."

वाईट हेतूनं नाही म्हणाली. पण मनाला लागलं. खुर्चीवर बसून रोडगे भाजता येत नाहीत. इस्तो, म्हणजे निखारे, असतात जमिनीत, खुर्चीवरून दिसतो फक्त धूर.

मग तेलं झाली. मोहाचं तेल झालं, कोणी वाशिमहून आणलेला पट्टा झाला. पट्टा बांधला की पाय लाकडाचा वाटायचा. सोयाबीनच्या सोंगणीपर्यंत काही फरक नाही.

दिवाळी झाली आणि आमच्या गल्लीत मोबाईलवर एक कार्यक्रम आला. एक ताई रोज सकाळी व्हिडिओ टाकायची. दिवस मावळायच्या आत जेवायचं, दिवसातून दोनच वेळा, मध्ये पाण्याशिवाय काही नाही, साखर बंद, सकाळी पाऊण तास झपाझप चालायचं आणि संध्याकाळी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करायची. खाली बायांचे फोटो, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत बाई नेहमी मळक्या गाऊनमध्ये आणि रडवेली, नंतरच्यात नवी साडी आणि लिपस्टिक. मी सुनेला म्हटलं, "अवं, नव्या साडीत त मीबी बारीक दिसतो."

सून माझी अंगणवाडीत आहे. मोबाईल तिचाच. ती म्हणाली, "आई, फोटो जाऊ द्या. तुमच्या गुडघ्यासाठी मी म्हणून राह्यली. करून पाहा."

आमच्या ह्यांनी बाजेवरूनच निकाल दिला. "आमच्या मायनं कोणता कोर्स केला होता? निंदणाले गेली, खुरपलं, घरी येऊन भाकर खाल्ली. नव्वदीत गेली."

"तुमच्या मायले टीव्ही होता का?" मी म्हटलं. "गॅस होता का? नळ होता का अंगणात? आता मी दिवसभर चालतो किती? चुलीपासून ताटापर्यंत."

ह्यांना काही पटलं नाही. पानाला चुना लावत होते.

माझंही मन काही एका बाजूला नव्हतं. जन्मात मी कोणाचं ऐकून जेवण सोडलं नाही. चतुर्थी, एकादशी करते, पण त्यात साबुदाणा असतो, भगर असते, शेंगदाण्याची आमटी असते, उपवास कसा भरल्यासारखा वाटतो. इथे तर रिकामं राहायचं, तेही एका अनोळखी बाईच्या सांगण्यावरून. दुसरीकडे माघ जवळ येत होता. गल्लीत काय, रिठदच्या बाजारात काय, जाऊ भेटली की माझ्या पायाकडे आधी बघायची, मग तोंडाकडे.

सून म्हणाली, डॉक्टरला विचारून घेऊ. तेवढं बरं केलं तिनं. रिसोडला गेलो. डॉक्टर तरुण, माझ्या मुलापेक्षाही लहान दिसणारा. त्यानं गुडघे दाबून पाहिले, वजन केलं, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पाहिल्या. कार्यक्रमाचं सांगितलं तर हसला. म्हणाला, "मावशी, अर्धं घ्या, अर्धं सोडा. उपाशी राहू नका, गोळ्या चुकवू नका. चाला. उठ-बस करा, पण दुखायला लागलं की थांबा. वजन थोडं उतरलं की गुडघ्यांनाच हलकं वाटेल. आणि ते मधलं कुटुकुटु बंद करा."

"मी कुठी कुटुकुटु करतो?" मला रागच आला. "मी त जेवतोच कमी. सगळ्यांचं झाल्यावर जेवतो. अर्धी भाकर उरली त अर्धी."

सून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागली. बसमध्ये बसल्यावर बोलली. "आई, रागावू नका. तुमी ताटात कमी जेवता. पण तुमी पातेलं जेवता."

 घरी आल्यावर मी स्वतःवर नजर ठेवली, आणि बाप्पा, काय सांगू! सकाळी चहाच्या पातेल्यात उरलेला चहा, टाकायचा कसा म्हणून पोटात. नातीनं अर्धवट सोडलेलं बिस्कीट पोटात. कढईला चिकटलेला भात खरवडून पोटात. वाळत घातलेल्या शेंगा सारख्या करायला गेले की दहा शेंगा तिथेच. ह्यांच्या ताटात राहिलेली भाजी, काल रात्रीच्या भाकरीचा कुस्करा. हे मी कधी जेवणात धरलंच नव्हतं. जेवण म्हणजे ताट वाढून बसणं. बाकी सगळं म्हणजे आवरणं. आमच्या पिढीतल्या बायांनी घर आवरता आवरता किती खाल्लं असेल, देव जाणे.

तेव्हा मी ठरवलं, की करून पाहू. ताईच्या फोटोंसाठी नाही, पातेल्यासाठी.

घरातलं सोपं निघालं. उरलेलं गायीच्या घमेल्यात जायला लागलं, गाय खूश. अवघड गेलं ते दुसऱ्यांच्या घरी. आमच्याकडे कोणाच्या दारात उभं राहिलं तरी चहा येतो, आणि नाही म्हणालं की मान वाकडी होते. पहिल्या दिवशी मी सांगितलं, "मले डायट आहे." झालं. "एका कपानं काय होते, काकू?" "आमच्या घरचा चालत नाही का?" "बिनसाखरेचा करतो, बसा!" आणि ती बिनसाखरेचा म्हणून करते त्यात दूध एवढं की खीरच.

मग एके दिवशी, कुठून सुचलं कोणास ठाऊक, माझ्या तोंडून निघालं, "मले नेम आहे वं."

कप घेऊन आलेली म्हातारी दोन पावलं मागे सरकली. "अगं माय, नेम आहे का? मंग नको, मंग नको." चहाचा कप आत नेला, वर मलाच हात जोडले. मी थक्क. डायटला कोणी विचारत नाही, पण नेम मोडायचं पाप आमच्या गावात कोणी डोक्यावर घेत नाही. त्या दिवसापासून मी जाईन तिथे नेम. लग्नाच्या बोलणीत नेम, बारशात नेम. पोह्यांच्या बशा माझ्यापुढून मुकाट्यानं निघून जायच्या. आणि खोटं तरी काय होतं त्यात? नेमच होता.

चालण्याचं वेगळंच झालं. आमच्या रस्त्यावर माणूस उगीच चालत नाही. पहाटे मी निघाले की पहिल्याच वळणावर मोटारसायकल थांबायची. "कुठी चालल्या काकू? बसा, सोडून देतो." नको म्हटलं तर, "काही झालं का घरी? भांडण झालं का?" एका भाच्यानं तर मला गाडीवर बसवून घरी आणून सोडलं आणि ह्यांना विचारलं, "मामा, मामी रुसून चालल्या होत्या का?" हे पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी मी हातात विळा घेतला. बस्स. विळा पाहिला की कोणी थांबत नाही. विळा म्हणजे बाई वावरात चालली, विचारायचं काय त्यात? पाऊण तास मी झपाझप चालायचे आणि विळा हातात आहेच म्हणून येताना बांधावरचं गवत कापून आणायचे. हे म्हणायचे, "व्यायाम तिचा आणि चारा गायीचा."

उठ-बस मात्र जड गेली. खुर्चीवरून हात न टेकता उठायला पहिल्या आठवड्यात घाम फुटला. सून समोर उभी राहायची, दोन्ही हात पुढे करून, मी पडले तर धरायला. मग हळूहळू जमायला लागलं. पण खुर्चीवरून उठणं म्हणजे खुर्चीवरून उठणं. जमीन कुठे, खुर्ची कुठे. मी म्हटलं, "हे त त्या खुर्चीचंच शिक्षण होऊन राह्यलं. मले इस्तोपाशी बसाचं आहे."

हे ऐकत होते. सकाळी मी चालून आले तर अंगणात करवतीचा आवाज. आमच्या घरात एक जुनं लाकडी स्टूल होतं, माळ्यावर चढायला ठेवलेलं. ह्यांनी त्याचे चारही पाय थोडे थोडे कापले होते.

"आता याच्यावरून उठ," हे म्हणाले.

"अन् माळ्यावर कशानं चढाचं?"

"तुले नाही चढाचं. मले चढाचं आहे, मी पाहून घेतो. उठ."

उठले. जमायला लागलं की हे पुन्हा करवत काढायचे, पुन्हा थोडे पाय कापायचे. एकदा एक पाय जास्त कापला गेला, तर बाकीचे तिन्ही त्याच्या बरोबरीला आणता आणता स्टूल एका सकाळीच दोन पायऱ्या उतरलं, आणि मला पुन्हा सुनेचे हात लागले. संक्रांतीपर्यंत ते स्टूल पाटाएवढं झालं. ज्या माणसानं बाजेवरून निकाल दिला होता त्यानंच सगळ्यात जास्त मेहनत घेतली, पण हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

इकडे गावात माझ्या नेमाचं काय झालं होतं, ते मला माहीतच नव्हतं. एका संध्याकाळी सून अंगणवाडीतून आली, पिशवी ठेवली आणि तशीच उभी राहिली.

"आई, एक विचारतो. तुमी माह्यासाठी नवस बोलल्या का?"

"कोणता नवस?"

"नातवाचा. आख्ख्या गावात होऊन राह्यलं. तुमी पहाटे विळा घेऊन वावरातल्या देवाले जाता, दिवसभर अन्नाले शिवत नाही, साखर सोडली. म्हणे, सुनेले दोन्ही पोरीच आहेत म्हणून सासू नेम करून राह्यली."

तिचा आवाज वेगळाच झाला होता.  माझ्या दोन्ही नाती, एक माझ्या मांडीवर झोपते आणि दुसरी माझा चष्मा लपवते. त्यांच्यावर मी कशाला काही मागू?

"माय, इकडे ये," मी म्हटलं. "मी त्या देवाले एकच मागतलं. म्हटलं, मले उठव. माह्या पायानं, कोणी काखेत हात न घालता. नातू कायले मागू? मलेच उचलाले दोन सुना लागल्या मागच्या वर्षी, आता नातवाले कोण उचलन?"

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. म्हणाली, "मंग गावाले सांगा ना तसं."

"सांगतो. रोडग्याच्या दिवशी. सगळे एका जागी सापडतात."

माघ आला. तूर पोत्यात गेली. देवाच्या दगडाला नवा शेंदूर लागला. मी निघाले तेव्हा वजन किती उतरलं होतं, विचारू नका, फोटोत टाकण्यासारखं नव्हतंच. ब्लाउज थोडे सैल झाले होते, एवढं खरं.

वावरात पोहोचले तर माझ्या जावेनं निखाऱ्याजवळ प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवलेली. वर चादरही घातली होती, मऊ लागावं म्हणून. जीव लावते म्हटलं ना.

"बसा बाई."

"बसतो," मी म्हटलं, आणि खुर्चीच्या पुढे जमिनीवर बसले. बसणं तर मागच्या वर्षीही जमलं होतं.  खुर्ची जावेनं हलवली नाही. माझ्यामागेच ठेवली, जशी काही खुर्चीसुद्धा वाट बघत होती.

पहिला रोडगा घातला. मग बाकीचे. चिमट्यानं फिरवले, वर राख ओढली, पुन्हा निखारे सारले. लोक येत होते, विचारत होते. पण या वर्षी विचारणं वेगळं होतं. बाया येऊन हळूच बसायच्या, सुनेकडे बघायच्या, मग माझ्याकडे. चहाचा कप आत नेणारी ती म्हातारी माझ्या कानात म्हणाली, "देव देईन बरं, नेम फुकट जात नाही." मी म्हटलं, थांब जरा, आजी.

दिवस कलला. शेवटचा रोडगा निघाला. मी फडक्यानं हात पुसले. पंगत बसायची होती आणि सगळ्यांची नजर माझ्यावर. मागच्या वर्षी उचलणाऱ्या दोन्ही सुना न सांगता पुढे आल्या. माझ्या सुनेनं दुसरीचा हात धरून तिला थांबवलं.

मी डावा हात जमिनीला टेकवला. खरं सांगते, टेकवला. त्या मोबाईलमधल्या ताईला चाललं नसतं. उजवा पाय पुढे घेतला. गुडघा कुरकुरला. मी मनात म्हटलं, कुरकुर बापा, पण उठ. एक क्षण मी ना खाली ना वर, मधेच, आणि समोर आमचे हे वरणाची बादली हातात धरून उभे. मग पाठ सरळ झाली आणि मी उभी होते.

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तसं नसतं. ह्यांनी बादली खाली ठेवली, एवढंच.

"ऐका सगळे," मी म्हटलं. "हा होता माहा नेम. जमिनीवरून उठाचा. दुसरा कोणताच नाही. नाती मले दोनच पाह्यजे, आणि दोन्ही हाये. झालं?"

 मग ती म्हातारी म्हणाली, "अवं, मंग मी कायले हात जोडले तुले चहाच्या वेळी?" आणि जे हसणं सुटलं ते पंगत बसेपर्यंत थांबलं नाही.

दिवस मावळायच्या आत मी जेवायला बसले, नेमाप्रमाणे. दोन रोडगे खाल्ले, तूप ओतून, वर वांग्याची भाजी. त्या ताईनं पाहिलं असतं तर मला कार्यक्रमातून काढलं असतं. पण मला जे हवं होतं ते मी घेतलं होतं. चालणं घेतलं, उठ-बस घेतली, पातेलं सोडलं. बाकी तिचं तिला परत. कोणी आता विचारलं की तो कार्यक्रम करावा का, तर मी एवढंच सांगते, आधी आपल्याला कुठून उठायचं आहे ते बघा, आणि डॉक्टरला विचारा.

जेवणं झाली तेव्हा जाऊ माझ्याच बाजूला जमिनीवर बसलेली होती. उठायला गेली आणि तिथेच राहिली. माझ्याकडे बघून ओशाळी हसली. मी मागची खुर्ची तिच्याजवळ सरकवली. तिनं खुर्चीचा हात धरला, उठली, दम घेतला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "सकाळी किती वाजता निघता तुमी?"

"उजाडता उजाडता," मी म्हटलं. "विळा घेऊन येजो."